भर उन्हातला फोटो पांढरा का पडतो?

मे महिन्यात दुपारी बाराच्या सुमाराला वेरूळच्या कैलास लेण्यात शिरलात, की नवशिक्या माणसाचा पहिला फोटो बहुतेक वेळा ठरलेला येतो. काळा कातळ छान उजळ दिसतो, हत्तींची शिल्पं दिसतात, पण वर आकाश म्हणून काहीच नसतं, नुसतं कोरं पांढरं. स्तंभाच्या उन्हातल्या कडा त्या पांढऱ्यात विरघळून गेलेल्या असतात. समोरून येणाऱ्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्याला ना बटणं दिसतात, ना चुण्या. फोटो काढणारा स्क्रीनवर हाताचा आडोसा धरून बघतो आणि म्हणतो, "ऊन फार आहे."

ऊन असतंच. पण त्याच उन्हात, त्याच जागी उभं राहून दुसरं कोणी तरी नेटका फोटो काढून जातं. दोघांच्या कॅमेऱ्यात फार फरक असतो असंही नाही. फरक एवढाच, की दुसऱ्याने बटण दाबण्याआधी ठरवलेलं असतं: या चौकटीतला कोणता उजेड हरवून चालणार नाही? सदरा? आकाश? की दोन्ही गेले तरी चालतील, पण शिल्पाचा चेहरा हवा? कॅमेरा हे ठरवू शकत नाही. हा सगळा लेख त्या एका निर्णयाबद्दल आहे, आणि तो निर्णय कॅमेऱ्याला कसा कळवायचा याबद्दल.

आधी पांढरं पडणं म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या पट्टीला सेन्सर म्हणतात. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर सुमारे २ कोटी ४० लाख सूक्ष्म खाचे असतात. शटर उघडं असेपर्यंत प्रत्येक खाचा आपल्यावर पडणारा प्रकाश गोळा करत राहतो. प्रत्येकाची क्षमता ठरलेली आहे. मापटं काठोकाठ भरलं की वर ओतलेलं धान्य खाली सांडतं, आणि किती सांडलं ते मापट्याकडे बघून कळत नाही. खाच्याचंही तसंच. जेपेग फोटोत, म्हणजे कॅमेरे आणि फोन नेहमी साठवतात त्या प्रकारच्या फाइलमध्ये, प्रत्येक रंगाची पातळी ० ते २५५ या आकड्यांत लिहिली जाते. सदऱ्याच्या चुणीवर जेवढा प्रकाश होता त्याहून शेजारच्या सपाट कापडावर जास्त होता, पण दोन्ही खाचे काठोकाठ भरले, म्हणून दोन्हीकडे २५५ लिहिलं गेलं. चुणी नाहीशी झाली. आता कितीही चांगलं ॲप वापरा, २५५ च्या शेजारी २५५ असेल तर त्यातून चुणी परत काढता येत नाही.

काळोखाचं असं होत नाही. अंधाऱ्या भागात थोडी का होईना माहिती शिल्लक असते. ती वर ओढली तर दाणेदार दिसते, पण दिसते. म्हणून डिजिटल कॅमेऱ्यात चूक करायचीच असेल तर ती किंचित काळपटाच्या बाजूने करावी. घरातल्या जुन्या, रोल घालून फोटो काढलेल्या माणसाचा सल्ला याच्या उलट असू शकतो. तेही त्यांच्या जागी बरोबर आहेत. कलर निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश बराच सहन करायची आणि कमी प्रकाशात मात्र लगेच मरायची. डिजिटल सेन्सरचा स्वभाव निगेटिव्हपेक्षा, जास्तीचा प्रकाश न सोसणाऱ्या स्लाइड फिल्मच्या जवळचा आहे.

पुढे स्टॉप हा शब्द वारंवार येईल. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. शटर, म्हणजे प्रकाश सेकंदाचा कितवा भाग आत येऊ द्यायचा ते, १/१२५ वरून १/२५० केलं की एक स्टॉप कमी. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, १०० वरून २०० केला की एक स्टॉप जास्त. ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, त्याचे आकडे जरा विचित्र चालतात: एफ/२, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. यातली प्रत्येक पायरी एक स्टॉप, आणि आकडा वाढला की प्रकाश घटतो.

कॅमेऱ्याला सगळं जग राखाडी वाटतं

आता वेरूळचा कातळ. तिथला दगड बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात हे मंदिर डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलं. त्यामुळे आवाराच्या तीन बाजूंना उभा काळा कडा आहे आणि मधोमध काळं मंदिर. चौकटीचा पाऊण भाग काळा, वरच्या कोपऱ्यात थोडंसं आकाश.

कॅमेऱ्यातला लाइट मीटर समोरून परत येणारा प्रकाश मोजतो. वस्तू कोणत्या रंगाची आहे हे त्याला ठाऊक नसतं. तो एक गृहीतक धरून चालतो: समोरचं जे काही आहे ते सरासरीने मध्यम राखाडी असणार. काळा दगड मोजला की त्याला वाटतं, इथे उजेड कमी आहे. मग तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा एकूण उजेड, वाढवतो. काळा दगड राखाडी होतो आणि आधीच उजळ असलेलं आकाश, सदरा, उन्हातल्या कडा हातच्या जातात. फोटो ओव्हर झाला, म्हणजे हवा त्याहून जास्त उजळ आला, तो उन्हामुळे नाही, काळ्या दगडामुळे. म्हशींचे, काळ्या चंद्रकळेचे, किल्ल्याच्या तटबंदीचे, डांबरी रस्त्याचे फोटो दुपारी असेच बर्न होतात, म्हणजे पांढरे पडतात.

तारकर्लीच्या पांढुरक्या वाळूवर याच्या अगदी उलट होतं. सगळं पांढरं बघून मीटर घाबरतो, एक्स्पोजर कमी करतो, वाळू मळकट येते आणि माणसाचा चेहरा काळवंडतो. मग आपण चेहऱ्यासाठी उजेड वाढवतो आणि वाळू जाते. नवशिक्यांना हा प्रकार सर्वांत जास्त गोंधळात टाकतो, कारण काल किल्ल्यावर जे केलं ते आज किनाऱ्यावर चालत नाही. नियम मात्र एकच आहे: चौकट काळ्याने भरलेली असेल तर कॅमेरा जास्त उजळवतो, पांढऱ्याने भरलेली असेल तर जास्त काळवंडवतो. आपण त्याच्या उलट दिशेने दुरुस्त करायचं.

दुरुस्तीचं बटण प्रत्येक कॅमेऱ्यावर असतं, त्यावर अधिक आणि उणे अशी खूण असते. त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. ॲपर्चर प्रायॉरिटी, शटर प्रायॉरिटी किंवा प्रोग्राम मोडमध्ये, म्हणजे काही आकडे कॅमेरा स्वतः ठरवत असताना, ते उणे १ वर न्या आणि कैलास लेण्याचा तोच फोटो पुन्हा घ्या. दगड काळा दिसेल, जसा तो आहेच. आकाशात निळा रंग येईल. मे महिन्याच्या दुपारी आभाळ धुरकट असतं, तेव्हा उणे १⅓ पर्यंतही जावं लागेल. काम झालं की ते परत शून्यावर आणा. हे विसरलं जातं आणि मग संध्याकाळचे सगळे फोटो अंधारे येतात. मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि ॲपर्चर आपणच ठरवतो. तिथे आयएसओही स्वतः ठरवलेला असेल तर या बटणाने काहीच बदलत नाही, तिथे शटर किंवा ॲपर्चर तुम्हालाच हलवावं लागतं.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. त्याच आवारातून एखाद्या दालनाच्या आतल्या अंधारात बघितलं, तर उन्हात आणि आत दहाएक स्टॉपचा फरक असू शकतो. आजचे सेन्सर एका फोटोत साधारण ११ ते १४ स्टॉप पकडतात, पण त्यातले टोकाचे स्टॉप कामाचे नसतात आणि जेपेगमध्ये त्याहून कमी उरतात. उन्हातलं आकाश आणि दालनातली मूर्ती एकाच क्लिकमध्ये नीट मिळवण्याचा हट्ट धरू नका. आतला फोटो आत जाऊन काढा.

बटण दाबण्याआधी बघायचे आकडे

पुष्कळदा मीटरचा काही दोष नसतो, सेटिंग कालचं असतं. रात्री घरात वाढदिवसाचे फोटो काढले, आयएसओ १६०० होता, सकाळी तसाच कॅमेरा घेऊन गडावर गेलो. स्वच्छ उन्हात आयएसओ १६०० आणि एफ/५.६ ठेवलं, तर बरोबर एक्स्पोजरसाठी शटर १/१६००० हवं. सुरुवातीच्या किमतीतले बरेच डीएसएलआर १/४००० ला थांबतात. म्हणजे कॅमेऱ्याने जीव तोडून प्रयत्न केला तरी फोटो दोन स्टॉप ओव्हर येणार. व्ह्यूफाइंडरमध्ये शटरचा आकडा लुकलुकतो तो हेच सांगण्यासाठी. उन्हात पाऊल टाकलं की आयएसओ १०० करायचा, ही सवय हाताला लागली पाहिजे.

५० एमएम एफ/१.८ लेन्स घेतल्यावर दुसरी अडचण येते. मागचं धूसर हवं म्हणून ॲपर्चर सताड उघडं ठेवलं जातं. भर उन्हात आयएसओ १०० ला १/४००० वर जास्तीत जास्त एफ/२.८ पर्यंत उघडता येतं. एफ/१.८ वर फोटो सव्वा स्टॉपच्या आसपास ओव्हर जाणार. एफ/२.८ ला समाधान माना, माणसाला सावलीत घ्या किंवा लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश घटवणारी काळसर काच, लावा.

तिसरी अडचण फ्लॅशची. चेहऱ्यावरची सावली घालवायला उन्हात फ्लॅश वापरणं योग्यच आहे, पण फ्लॅश उघडला की बहुतेक कॅमेरे शटर १/२०० च्या पुढे जाऊ देत नाहीत. ॲपर्चर एफ/४ वर असेल तर आयएसओ १०० लाही फोटो तीन स्टॉपहून जास्त ओव्हर होतो. लोक फ्लॅशला दोष देतात. फ्लॅशने फक्त शटर अडवलेलं असतं. एफ/११ ते एफ/१३ करा, गाडी रुळावर येते. बाहेरून लावलेल्या मोठ्या फ्लॅशमध्ये हाय स्पीड सिंकची सोय असेल तर ही अट सुटते, मात्र फ्लॅशची ताकद बरीच घटते.

या सगळ्याच्या मागे एक जुना हिशेब आहे आणि तो पाठच करावा असा आहे. स्वच्छ उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ १०० असेल तर १/१०० किंवा जवळचं १/१२५. कोडॅकच्या रोलच्या डबीवर याच धर्तीची सूचना छापलेली असायची आणि मीटर नसलेल्या कॅमेऱ्यांनी लोक त्यावर वर्षानुवर्षं बिनचूक फोटो काढायचे. हे शक्य होतं, कारण दिवसा सूर्य वर असताना स्वच्छ उन्हाची तीव्रता फारशी बदलत नाही. पातळ ढग आला तर एफ/११, आभाळ भरलं तर एफ/८, चकचकीत वाळूवर एफ/२२. एफ/१६ वरच काढायला हवं असं नाही. एफ/१६ आणि १/१२५ म्हणजेच एफ/८ आणि १/५००, म्हणजेच एफ/५.६ आणि १/१०००, प्रकाश तेवढाच. लेन्सची धार साधारण एफ/५.६ ते एफ/८ ला चांगली असते, म्हणून मी उन्हात मॅन्युअलमध्ये आयएसओ १००, एफ/८, १/५०० यापासून सुरुवात करायला सांगतो. कॅमेऱ्याचा मीटर काहीही म्हणो, उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा फोटो त्यावर बराचसा बरोबर येतो, कारण यात दगड काळा की वाळू पांढरी हा प्रश्नच येत नाही. आपण वस्तू मोजतच नाही, ऊन गृहीत धरतो.

चंद्रालाही हाच हिशेब लागतो. कोजागरीच्या रात्री चंद्राचा फोटो पांढऱ्या ठिपक्यासारखा येतो, कारण कॅमेरा काळं आकाश मोजून एक्स्पोजर वाढवतो. पण चंद्रावर त्या वेळी सूर्याचं कडक ऊन पडलेलं असतं. त्याचा पृष्ठभाग काळसर आहे म्हणून एक स्टॉप जास्त द्यायचा: आयएसओ १००, एफ/११, १/१२५. लांब लेन्स असेल तर डाग स्पष्ट दिसतात.

स्क्रीनवर विश्वास ठेवू नका

उन्हात कॅमेऱ्याची स्क्रीन काळपट दिसते. फोटो बरोबर असला तरी अंधारा वाटतो, मग आपण उजेड वाढवतो, आणि घरी येऊन संगणकावर उघडल्यावर निम्मे फोटो पांढरे निघतात. उपाय हिस्टोग्राम. तो आलेख डोळ्यांच्या अंदाजावर अवलंबून नसतो. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. उंची म्हणजे त्या पातळीचे किती पिक्सेल आहेत. उजव्या कडेला चिकटून उंच सुळका उभा राहिला असेल, तर तेवढे पिक्सेल काठोकाठ भरले. डावीकडे काय आकार आहे, मध्ये काय आहे, याची उन्हात फार चिंता करू नका. हिस्टोग्रामचा आदर्श आकार म्हणून काही नसतो.

त्याहून सोपी सोय म्हणजे हायलाइट अलर्ट. प्लेबॅकच्या मेनूत तो चालू केला, की फोटो बघताना पूर्ण गेलेला भाग काळा-पांढरा लुकलुकतो. काही मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत तर फोटो काढण्याआधीच त्या भागावर तिरके पट्टे दिसतात. इथे सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारायचा: लुकलुकतंय ते मला हवं होतं का? स्टीलच्या हंड्यावरची तिरीप, समुद्रावरची चमचम, टाळांच्या कडेवर पडलेलं ऊन, नथीतल्या खड्याची लकाकी, हे सगळं जाऊ द्या. सूर्याचं थेट प्रतिबिंब पांढरंच असतं, ते वाचवायला गेलात तर बाकी फोटो काळाठिक्कर पडेल. कपाळ, गाल, कापड, फूल, ढग लुकलुकत असतील तर थांबा आणि एक्स्पोजर ⅓ ते ⅔ स्टॉपने उतरवा, पुन्हा बघा.

लाल रंग मात्र अलर्टलाही चकवतो. कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची चैत्र यात्रा असते, तेव्हा उन्हात नाचणाऱ्या सासनकाठ्यांवर आणि माणसांवर गुलालाचा थर असतो. फोटोत तो गुलाल बऱ्याचदा सपाट, प्लॅस्टिकसारखा दिसतो. कण नाहीत, उडालेल्या भुकटीची मऊ कड नाही. कारण फोटो तीन रंगांचा बनतो आणि इथे एकट्या लाल रंगाचे आकडे २५५ ला जाऊन थांबलेले असतात. हिरवा आणि निळा आवाक्यात असल्यामुळे साधा हिस्टोग्राम म्हणतो, सगळं ठीक. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम दाखवण्याची सोय असेल तर ती वापरा. लाल कडेला टेकला असेल तर एक स्टॉपपर्यंत खाली या. पिक्चर स्टाइल, म्हणजे कॅमेऱ्यातलं रंगांचं सेटिंग, व्हिविडवर असेल तर न्यूट्रल करा, कारण व्हिविड रंग चढवताना लाल आणखी लवकर फोडतो. जेजुरीच्या भंडाऱ्याला, झेंडूच्या राशीला, लाल पैठणीलाही हेच लागू आहे.

पांढरी टोपी, सावळा चेहरा

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते, आणि कॅमेरा असलेला प्रत्येक माणूस त्या दिवशी तिथे असावासा वाटतो. उन्हातल्या एक्स्पोजरची याहून कठीण परीक्षा मला माहीत नाही. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि त्याखाली उन्हाने रापलेला चेहरा. वर ऊनसावलीचा खेळ: ढग सरकला की दोन स्टॉप वाढले, ढग आला की दोन स्टॉप गेले. ढगाखाली मॅन्युअलमध्ये सगळं नीट लावलं आणि ऊन पडल्यावर तसंच क्लिक करत राहिलं, तर पुढचे सगळे फोटो वाया.

इथे टोपी वाचवायची. चेहरा थोडा गडद आला तरी नंतर वर आणता येतो, टोपीची वीण गेली तर गेली. मीटरिंग स्पॉटवर घ्या, म्हणजे मीटर चौकटीतला फक्त एक छोटा भाग मोजेल, मधला बिंदू उन्हातल्या टोपीवर धरा आणि मीटरने सांगितल्यापेक्षा दीड ते दोन स्टॉप जास्त एक्स्पोजर द्या. उलटं वाटेल, पण मीटर टोपीला राखाडी करू बघतो. दोन स्टॉप वर नेली की ती पांढरी होते आणि विणीला जागा उरते. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास मांडलेल्या झोन सिस्टीमचा गाभा हाच होता: मोजलेली वस्तू मला कोणत्या पातळीवर हवी, ते मीटरऐवजी मी ठरवणार.

नीट जमलेल्या फोटोत टोपीची उन्हाकडची बाजू लख्ख असते, तरी शिवण दिसते, घामाने ओलसर झालेली कड जराशी करडी दिसते. कपाळावरचा बुक्का काळा राहतो आणि त्याखालचा गोपीचंदनाचा टिळा टोपीपेक्षा वेगळा पिवळसर पांढरा दिसतो. एक स्टॉप जास्त झाला की टोपी आणि टिळा दोन्ही एकाच पांढऱ्यात जातात आणि घामेजलेल्या गालावर पिवळट चट्टा उमटतो. तो चट्टा म्हणजे त्वचेतला लाल आधी भरला आणि हिरवा मागून चढत राहिला.

ऊनसावली सतत बदलत असेल तर मॅन्युअलमध्ये शटर १/१०००, ॲपर्चर एफ/५.६ ठेवून आयएसओ ऑटोवर सोडा. बऱ्याच कॅमेऱ्यांत अशा वेळी कॉम्पेन्सेशनचं बटणही चालतं. पांढऱ्या कपड्यांची गर्दी चौकट भरून असेल तर ते शून्यावर, काळ्या घाटाची कड मागे असेल तर उणे ⅔ वर.

चेहऱ्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. त्वचेवर मीटर धरा आणि एक स्टॉप वाढवा, हा सल्ला सर्रास वाचायला मिळतो. तो गोऱ्या त्वचेचा हिशेब आहे. आपल्याकडची बहुतेक त्वचा मध्यम राखाडीच्या जवळपास किंवा त्याहून थोडी गडद असते. तिच्यावर मीटर धरलात तर शून्यावरच ठेवा, सावळ्या माणसासाठी उणे ⅓ ते ⅔. सावळा चेहरा उजळवून दाखवणं म्हणजे चांगला फोटो, हा समज लग्नाच्या अल्बमांनी पक्का करून ठेवला आहे आणि त्यापायी कितीतरी चेहऱ्यांचा पोत आणि खरा रंग गेला आहे.

ऊन डोक्यावर आलं की

दुपारचं ऊन टाळा असं सगळेच सांगतात, कारण कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात मे महिन्यात सूर्य एका दिवशी दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. गोव्यात मेच्या सुरुवातीला, पुण्या-मुंबईत महिन्याच्या मध्यावर, वेरूळला २० मेच्या सुमारास. पुढे दक्षिणायनात पुन्हा एकदा. त्या दिवसांत भुवया डोळ्यांवर सावली टाकतात, नाक ओठांवर टाकतं, आणि कपाळ व नाकाचा शेंडा मात्र पांढरा होतो. अशा चेहऱ्याला बरोबर एक्स्पोजर असं नसतंच. कपाळ वाचवलं तर डोळे जातात.

म्हणून माणसाला हलवा. झाडाखाली, ओटीच्या कडेला, मांडवाच्या तोंडाशी, जिथे थेट ऊन नाही पण समोर उघडं आकाश आहे. तो चेहरा उजेडाकडे करून उभा राहिला की डोळ्यांत चमक येते. मागे मात्र उन्हातलं अंगण येऊ देऊ नका. सावलीत आणि उन्हात तीन-चार स्टॉपचा फरक असतो आणि चेहरा बरोबर घेतला की मागचं सगळं बर्न होतं. मागे भिंत किंवा झाडी घ्या. सावलीच नसेल तर माणसाची पाठ सूर्याकडे करा, चेहऱ्यासाठी एक्स्पोजर लावा आणि कोणाला तरी समोर पांढरा थर्मोकोल किंवा पांढरी चादर धरायला सांगा. केसांभोवतीची पांढरी कड गेली तरी बिघडत नाही.

मोबाइलवाल्यांसाठी वेगळं थोडंच आहे. बहुतेक फोनचं ॲपर्चर बदलत नाही, शटर आणि आयएसओ फोन स्वतः ठरवतो. स्क्रीनवर सर्वांत उजळ पण हव्या असलेल्या भागावर बोट टेकवा आणि शेजारी येणारी सूर्याची खूण खाली ओढा. बोट थोडं दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये एक्स्पोजर तिथेच बांधलं जातं. एचडीआर चालू ठेवा, तो चार-सहा फोटो भरभर घेऊन एकत्र करतो. फक्त लेझीम खेळणाऱ्यांच्या हातांना कधी कधी दुहेरी कडा येतात. आणि आधी लेन्स पुसा. बोटाच्या तेलकट डागावर ऊन पडलं की पूर्ण चित्रावर पांढुरकी झाक येते. ती ओव्हरएक्स्पोजरसारखी दिसते, पण एक्स्पोजर कितीही उतरवलं तरी जात नाही. मोठ्या कॅमेऱ्यातही हेच, तिथे लेन्स हुड लावा.

फिल्टरबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्याबरोबर दुकानात गळ्यात मारला जाणारा यूव्ही फिल्टर एक्स्पोजरसाठी काहीही करत नाही. एनडी फिल्टर सरसकट प्रकाश घटवतो: एनडी ८ तीन स्टॉप, एनडी ६४ सहा. उन्हात धबधब्याचं पाणी दुधासारखं हवं असेल तर आयएसओ १००, एफ/१६, १/१२५ वरून अर्ध्या सेकंदावर येण्यासाठी एनडी ६४ बरोबर पुरतो. पण सगळाच प्रकाश सारखा घटत असल्यामुळे ऊन आणि सावली यांच्यातला फरक तो मिटवत नाही. पोलरायझर घेण्यासारखा आहे. पानांवरची, ओल्या दगडावरची, पाण्यावरची चमक तो खरोखर कापतो, आणि तीच चमक पुष्कळदा आधी पांढरी पडलेली असते.

घरी आल्यावर

उन्हात काढायचं ठरलं असेल तर कॅमेरा रॉ वर, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती तशीच साठवणाऱ्या प्रकारावर, ठेवा. जेपेगमध्ये गेलेला भाग गेलाच, रॉ मध्ये मात्र त्यापुढे थोडी माहिती उरते, बऱ्याचदा एखादा स्टॉपभर. कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम जेपेगच्या हिशेबाने काढलेला असतो, म्हणून स्क्रीनवर जराशी लुकलुक दिसली तरी रॉ मधला ढग जिवंत निघू शकतो. लाइटरूम, किंवा फुकट मिळणारं डार्कटेबल अथवा रॉथेरपी, या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये हायलाइट्सचा स्लायडर डावीकडे ओढा. पुरलं नाही तर व्हाइट्स, आणि शेवटी एक्स्पोजर. हा क्रम पाळला तर मधले रंग मळत नाहीत. मग काळोखाचा भाग शॅडोजने वर आणा.

किती वाचेल हे कळायला एक साधी तपासणी आहे. एक्स्पोजर तात्पुरतं दोन स्टॉप खाली ओढा. पांढऱ्यात चुणी, ढगाची कड, काहीतरी उमटलं तर काम होण्यासारखं आहे. नुसता राखाडी थापा आला तर तिथे काही नाही. मग स्लायडर अजून ओढू नका. राखाडी थापा पांढऱ्यापेक्षा वाईट दिसतो. त्वचेवर पिवळा चट्टा असेल आणि तीनपैकी एकच रंग भरलेला असेल, तर ही सॉफ्टवेअर उरलेल्या दोन रंगांवरून तो अंदाजाने भरून काढतात, आणि छोट्या जागेत ते पटतं. चट्टा मोठा असेल तर फोटो कृष्णधवल करून बघा. गेलेला पोत येत नाही, पण रंगाचा विद्रूपपणा जातो.

आकाश पूर्ण गेलेलं असेल तर ॲपमधलं आयतं आकाश चिकटवण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही, आणि कारण उजेडाचंच आहे. खाली माणसाची सावली पायाशी गोळा झालेली, म्हणजे ऊन बरोबर डोक्यावर, आणि वर मावळतीचे तांबूस ढग. बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, तरी फोटो खोटा वाटतो. त्यापेक्षा वरून कापा. कैलास लेण्यासारख्या जागी आकाश कापून आडवी चौकट केली तर पुष्कळदा काहीच कमी पडत नाही: तुम्ही आत शिरलात ते कोरीवकाम बघायला, आणि ते सगळं खालच्या दोन तृतीयांशात आहे.